शार्क्सचे सीझन तिकीट: हरणाऱ्या संघासाठी पैसे मोजावेत का?

आइस हॉकीच्या एनएचएल या लीगमध्ये सलग दोन हंगाम अगदी शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्या संघाचे सीझन तिकीट कोणी का घ्यावे, असा प्रश्न सॅन होजे शार्क्सच्या बाबतीत पडला तर त्यात नवल नाही. २०२३-२४ मध्ये ८२ सामन्यांत १९ विजय आणि ४७ गुण, २०२४-२५ मध्ये २० विजय आणि ५२ गुण, अशी या संघाची कामगिरी होती. तरीही कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहणाऱ्या आणि या खेळाची थोडीफार गोडी लागलेल्या मराठी कुटुंबांनी हे तिकीट घ्यावे, असे माझे मत आहे. मात्र त्यातून विजयाची अपेक्षा ठेवू नये.

सॅप सेंटरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. १९९३ पासून संघाचे घर असलेले हे बंदिस्त मैदान डिरिडॉन स्थानकाजवळ असल्यामुळे कॅलट्रेनने येणाऱ्यांची गाडी उभी करण्याची कटकट वाचते, आणि शार्कच्या अवाढव्य जबड्यातून खेळाडू बर्फावर उतरतात तो प्रकार मुलांना बेहद्द आवडतो. खेळ नव्याने पाहणाऱ्यांनी काचेलगतच्या महागड्या जागांचा मोह टाळावा, कारण पासची रचना आणि खेळाडूंच्या हालचाली वरच्या रांगांतून अधिक स्पष्ट दिसतात.

खरी चर्चा व्हायला हवी ती बर्फावर काय पाहायला मिळते याची. संघ या अवस्थेला का आला, हे समजण्यासाठी २०१८ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी शार्क्सने ओटावाकडून एरिक कार्लसन हा नामांकित बचावपटू आणला आणि २०१९ मध्ये, तो तिशीच्या उंबरठ्यावर असताना, त्याच्याशी आठ वर्षांचा ९ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. त्याच उन्हाळ्यात कर्णधार जो पावेल्स्की मात्र डॅलसला निघून गेला. पुढच्याच हंगामात संघ तळाला गेला, आणि कार्लसनच्या बदल्यात देऊन टाकलेला ड्राफ्टमधील (तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील) पहिल्या फेरीचा हक्क तिसऱ्या क्रमांकाचा ठरून त्यावर ओटावाने टिम श्टुट्झले हा गुणी तरुण उचलला. २०२२-२३ मध्ये कार्लसनने तब्बल १०१ गुण (खेळाडूचे गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास, मिळून) मिळवून सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक पटकावला, तेव्हा संघाला विजय मिळाले अवघे २२. वयाने उतरणीला लागणाऱ्या खेळाडूवर वेतनमर्यादेचा (संघाच्या एकूण पगारावर लीगने घातलेल्या मर्यादेचा) मोठा वाटा अडकवून ठेवला की त्याची वैयक्तिक कामगिरी कितीही झळाळली तरी बाकीचा संघ उभा राहत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला तरी ठाऊक नाही. मार्क-एडुआर व्लासिकच्या बाबतीतही वेगळे घडले नाही: दरसाल ७० लाख डॉलरचा त्याचा आठ वर्षांचा करार शेवटचे वर्ष शिल्लक असताना, २०२५ मध्ये पैसे देऊन मोडावा लागला.

याचा अर्थ अनुभवी खेळाडू नकोतच, असा मी घेत नाही. २०२२ मध्ये महाव्यवस्थापक झालेल्या माइक ग्रिअर यांनी कार्लसनला पिट्सबर्गला धाडताना जे खेळाडू घेतले, त्यांत मिकाएल ग्रानलुंड होता. त्याचा करार निव्वळ हिशेब जुळवण्यासाठी गळ्यात पडल्यासारखा वाटत होता. पण तो पहिल्याच हंगामात संघात सर्वाधिक, म्हणजे ६० गुण मिळवून बसला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रिअर यांनी त्याला कोडी सेसीसह डॅलसला देऊन पहिल्या फेरीचा हक्क पदरात पाडून घेतला. टायलर टोफोलीचा चार वर्षांचा २ कोटी ४० लाख डॉलरचा करार मला लांबीमुळे खटकतो, पण पहिल्या हंगामात ३० गोल करणाऱ्या माणसाला नावे ठेवणे कठीण आहे. मधल्या फळीत अशी भरवशाची माणसे नसतील तर अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांवर रोज रात्री प्रतिस्पर्ध्यांचा सगळा भार पडतो, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये या संघाने लागोपाठच्या दोन सामन्यांत दहा-दहा गोल खाल्ले होते, ही आठवण अजून ताजी आहे.

तिकिटाचे पैसे वसूल होतात ते मॅकलिन सेलेब्रिनीमुळे. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या या सेंटरने (आघाडीच्या फळीतील मधल्या खेळाडूने) पदार्पणातच एक गोल आणि एक असिस्ट नोंदवला, लगेच दुखापतीमुळे १२ सामने गमावले, आणि तरीही ७० सामन्यांत ६३ गुणांवर हंगाम संपवला. संघातला दुसरा तरुण खेळाडू विल स्मिथ याचा प्रवास मला त्याहून अधिक रंजक वाटला. सुरुवातीला प्रशिक्षक रायन वॉर्सोफ्स्की त्याला लागोपाठच्या दोन दिवसांतील दुसऱ्या सामन्यात बसवून ठेवत आणि तो वेळ शरीर कमावण्यासाठी देत. त्या रात्री केवळ त्याला पाहायला आलेल्या प्रेक्षकांची निराशा होत असणार, हे खरे. परंतु हंगामाच्या उत्तरार्धातला स्मिथ पकवर (खेळातल्या रबरी चकतीवर) जो ताबा दाखवत होता, तो पाहता निर्णय योग्यच होता. २०२५ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने आलेल्या मायकेल मिसाबाबतही हीच सबुरी दाखवायला हवी.

ज्यांना सॅप सेंटरचा खर्च झेपत नाही त्यांनी बॅराकुडाचे तिकीट काढावे. शार्क्सचा हा दुय्यम संघ एएचएल या एनएचएलच्या खालच्या पायरीवरील लीगमध्ये खेळतो आणि तोही सॅन होजेतच, २०२२ मध्ये सुरू झालेल्या छोटेखानी टेक सीयू अरेनामध्ये. बहुतेक संघांचे तरुण दूरच्या शहरांत घडत असताना इथे दोन्ही पायऱ्या एकाच गावात पाहता येतात, ही सोय दुर्मीळ आहे. मुलांना खेळ शिकवायचा असेल तर माझी पहिली पसंती याच तिकिटाला राहील.

सीझन तिकीट पुढे चालू ठेवायचे की नाही, हे मी २०२७ च्या उन्हाळ्यात ठरवेन. सेलेब्रिनीचा नवोदितांसाठीचा स्वस्त तीन वर्षांचा करार तेव्हा संपतो, आणि कार्लसनच्या पगारातील दरसाल १५ लाख डॉलरचा जो वाटा शार्क्सला अजून सोसावा लागतो, तोही त्याच वेळी सुटतो. मोकळा होणारा पैसा या मुलांकडे वळतो की तिशी ओलांडलेल्या आणखी एखाद्या मोठ्या नावाकडे, ते तेव्हा दिसेल.