नवजात बाळातील तीव्र मूत्रपिंड इजा: क्रिएटिनिन की लघवीचे प्रमाण?

नवजात बाळाच्या मूत्रपिंडाला अचानक झालेली इजा ओळखण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होणारा, मूत्रपिंड गाळून बाहेर टाकते असा टाकाऊ पदार्थ) आणि लघवीचे प्रमाण असे दोन आधार आहेत, आणि दोन्ही अपुरे आहेत.

क्रिएटिनिनच्या निकषानुसार ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक वाढ, अथवा सात दिवसांत आधीच्या नीचांकाच्या दीडपट पातळी ही इजेची खूण मानली जाते. अडचण अशी की जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाच्या रक्तातले क्रिएटिनिन बरेचसे आईचेच असते. पूर्ण दिवसांच्या बाळात ते लवकर उतरते, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळात आधी थोडे वाढूनही मग सावकाश उतरू शकते. त्यामुळे एकट्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे. पातळी अपेक्षेप्रमाणे उतरत नसणे हाही इशारा समजावा. शिवाय इजा झाल्यावर ही पातळी वाढायला वेळ लागतो, आणि कावीळ तीव्र असल्यास जाफे पद्धतीच्या (रंगबदलावरून क्रिएटिनिन मोजणाऱ्या) चाचणीत ती खोटी कमी दिसू शकते.

लघवीचे मोजमाप तासागणिक करता येते आणि त्यासाठी रक्त काढावे लागत नाही, ही कमी वजनाच्या बाळासाठी लहान गोष्ट नव्हे. दर किलो वजनामागे ताशी १ मिलिलिटरपेक्षा कमी लघवी २४ तास राहिल्यास शंका घ्यावी. मात्र पहिल्या दिवशी निरोगी बाळालाही लघवी कमीच होते. डायपरचे वजन करताना शौच मिसळते, उष्णतेच्या पाळण्यात ओलावा उडतो. मुख्य म्हणजे अनेक बाळांत इजा होऊनही लघवी भरपूर होत राहते, म्हणून निव्वळ लघवीवर समाधान मानण्यापेक्षा क्रिएटिनिनच्या क्रमवार चाचण्यांना मी अधिक वजन देईन.