ईसीयू ट्यून करून घेताय? आधी माझे 18 हजार कसे गेले ते वाचा

जुन्या पेट्रोल हॅचबॅकला वेगळा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि प्रोग्रॅमेबल ईसीयू, म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा छोटा कॉम्प्युटर, बसवला. हौस, दुसरं काय! राहिलं होतं फ्युएल टेबल सेट करणं, म्हणजे इंजिनाच्या कुठल्या वेगाला आणि लोडला किती पेट्रोल, ते खान्याखान्यात भरणं. ओळखीच्या ओळखीतून एक ट्यूनर मिळाला. गॅरेज नाही, पाठीवर लॅपटॉपची बॅग. 18 हजार, तेही आगाऊ.

साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून निघालो, हायवेला एक निवांत चक्कर मारली. चाळीस मिनिटांत "झालं दादा." स्क्रीनवर 16 बाय 16 चं रंगीत टेबल, आडवे आरपीएम, उभा मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब, पाय जितका दाबाल तितका जास्त. खाली कोपऱ्यात एअर-फ्युएल रेशो 14.7, म्हणजे एक भाग पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवा; आकडा जितका कमी, तितकं पेट्रोल जास्त. जरा पाय दिला तरी 14.7, पाय काढला तरी 14.7. "परफेक्ट आहे बघा." मी येडा खूश होऊन त्याला वर कंदी पेढ्यांचा बॉक्स दिला.

शंका तिथेच यायला हवी होती. खरा मोजलेला आकडा सतत थरथरतो. गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्टर बंद होतात आणि तो 20 च्या वर पळतो. हा दाखवत होता तो टार्गेट टेबलातला, म्हणजे आपल्याला हवा तो रेशो लिहून ठेवायच्या टेबलातला आकडा, आणि प्रत्येक खान्यात त्याने 14.7 भरून ठेवलं होतं. मोजायचं तर वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून नेमका रेशो सांगणारा) लागतो, त्यासाठी एक्झॉस्ट पाइपला भोक पाडून आट्यांचा बॉस, म्हणजे सेन्सर बसवायची कडी, वेल्ड करायचा. पठ्ठ्याने पाइपला हातही लावला नव्हता. गाडीच्या मूळ सेन्सरला मिश्रण 14.7 च्या अलीकडे की पलीकडे, एवढंच नीट कळतं. आणि फुल लोडला 14.7 मुळात नकोच, माझ्यासारख्या बिनटर्बोच्या इंजिनाला तिथे साधारण 12.5 ते 13 लागतं.

आठवड्याने यवतेश्वरचा घाट चढत होतो. तिसऱ्या गिअरला पाय दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. फोन केला तर म्हणे, "पेट्रोल खराब असेल." मीही ऐकलं आणि तशीच चालवली. पुढे पिकअप मेला, ऑइलचं झाकण उघडलं की धूर. इंजिन उघडलं तर तीन नंबरच्या पिस्टनची दोन रिंगांमधली कड तुटून पडलेली.

कोल्हापूरच्या एका जाणकाराकडे ईसीयू नेला, तर त्याला पासवर्ड! तो सांगायचे त्या पहिल्या ट्यूनर महाभागाने आणखी 3 हजार घेतले. फ्युएल टेबल उघडलं. 60 किलोपास्कलच्या, म्हणजे अर्धवट पाय दाबल्याच्या दाबाच्या ओळीतले आकडे उचलून थेट वरपर्यंत चिकटवलेले. निवांत चकरेत गाडी त्या वरच्या खान्यांत गेलीच नव्हती, घाटात गेली आणि तिथे पेट्रोल कमी पडलं. म्हणून सांगतो, पैसे हातावर ठेवण्याआधी वाइडबँडचा लॉग (मोजलेल्या आकड्यांची नोंद), मॅपची, म्हणजे भरलेल्या टेबलांची फाइल आणि पासवर्ड, तिन्ही ताब्यात घ्या.

पिस्टन-रिंगांसकट 47 हजार गेले. कोल्हापूरवाल्याने आधी पाइपला बॉस वेल्ड केला, मगच लॅपटॉप उघडला. दोन दिवस घेतले. जोतिबाच्या चढाला त्याने मला पाय पूर्ण दाबायला सांगितला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. 12.6, 12.9, 12.7... आकडा काही एका जागी ठरेना.