आठ महिने, साडेपाच हजार काडतुसं आणि प्रायमरची एक पट्टी

मार्चमधल्या एका रविवारी, फीनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी या नेमबाजीच्या रेंजवर, माझ्या पिस्तुलातून नेहमीच्या दणक्याऐवजी नुसतं ‘फुस्स’ झालं. माझं बोट पुन्हा ट्रिगरवर जायच्या आत रेंज ऑफिसरने ओरडून मला थांबवलं. पिस्तूल रिकामं करून नळीच्या तोंडातून पितळी काठी घातली, ती मध्येच अडली. गोळी नळीतच बसली होती. काडतुसात पावडर, म्हणजे गोळीला ढकलणारी दारू, पडलीच नव्हती; एकट्या प्रायमरच्या (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीच्या) जोरावर गोळी दोन-अडीच सेंटीमीटर पुढे सरकून थांबली होती. तिच्यामागून पुढची गोळी सुटली असती तर नळी फुगली असती किंवा फुटली असती, आणि ती माझ्या हातात होती.

ते काडतूस मीच गॅरेजमध्ये भरलं होतं. त्यामुळे घरी काडतुसं भरायचं यंत्र, म्हणजे प्रेस, घेतल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात मी मित्रांना जो कौतुकाचा लांबलचक मेसेज पाठवला होता, तो आज मागे घेतो. त्याच्या जागी आठ महिन्यांचा हा अनुभव वाचा.

प्रेस चार स्टेशनचा, म्हणजे कामाच्या चार टप्प्यांचा आहे. हँडलच्या प्रत्येक ठोक्याला शेलप्लेट, म्हणजे पुंगळ्या (काडतुसांची पितळी नळकांडी) धरणारी तबकडी, आपोआप फिरते, आणि हा या प्रकारातला सगळ्यात स्वस्त म्हणता येईल असा आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला २१० डॉलरला पडला. डाय (पुंगळीला आकार देणारे आणि गोळी बसवणारे साचे), पावडरचा काटा, कॅलिपर आणि गोळ्या उपटायचा हातोडा धरून एकूण खर्च ३६० डॉलरच्या घरात गेला. शेजारच्या स्कॉट्सडेलमधल्या डिलन कंपनीचा ५५० हा प्रेस घ्यायचा मनात होता. त्याची शेलप्लेट हाताने फिरवावी लागते, पण लोक तो वीस-वीस वर्षं वापरतात. मात्र किंमत माझ्या प्रेसच्या जवळजवळ तिप्पट. मी महिन्याला सातशे-साडेसातशे ९ मिलिमीटर काडतुसं उडवतो. त्यासाठी तेवढे पैसे घालायला मन धजेना.

हिशोब असा होता. विकतचं काडतूस मला २४ सेंटला पडतं. घरी भरलं तर प्रायमर ७ सेंट, कोटिंगवाली १२४ ग्रेन वजनाची गोळी साडेआठ, पावडर अडीचच्या आत, आणि पुंगळ्या रेंजवरून वेचून आणलेल्या, म्हणजे फुकट. एकूण १८ सेंट. एका काडतुसामागे ६ सेंट वाचतात, तेव्हा ६००० काडतुसं भरली की ३६० डॉलर वसूल. आज मी ५५०० वर आहे. प्रायमर आणि पावडर कुरियरने मागवली की प्रत्येक खेपेला धोकादायक मालाचं वेगळं शुल्क बसतं, म्हणून आम्ही तिघं मिळून एकदाच ऑर्डर देतो. तसं केलं नाही तर हा हिशोब कोलमडतो.

आता मुद्द्यावर येतो. या प्रेसमध्ये साइझिंग, म्हणजे पुंगळी मूळ मापाला आणणं, चांगलं होतं. गोळी बसवण्याची खोली दोन-तीन हजारांश इंचाच्या फरकात राहते, क्रिम्प (पुंगळीच्या तोंडाची गोळीवरची पकड) नीट येतो, आणि शंभरातली शंभर काडतुसं नळीत ‘टुक’ करून पडतात. पावडरचं मापही मी पाचशे वेळा काट्यावर तोललं असेल, ते फारसं हलत नाही. दुखणं एकच आहे, ते म्हणजे प्रायमर.

प्रायमर एका उतरत्या पट्टीतून स्वतःच्या वजनाने घरंगळत येतात आणि खालच्या कपात एकेक पडतात. लहान पिस्तूल प्रायमरची रुंदी जेमतेम साडेचार मिलिमीटर. पट्टी भरलेली असेल तर मागच्यांच्या भाराने पुढचा सरकतो. शेवटचे पंधरा-वीस उरले की भार संपतो, आणि कधी प्रायमर येतच नाही तर कधी आडवा येतो. आडवा प्रायमर हँडलच्या जोराने चेपला गेला तर फुटू शकतो; तो स्फोटक वस्तू आहे हे लक्षात ठेवा. डोळ्यांवर चष्मा नसताना हँडलला हात लावू नका. पट्टीत शंभराच्या वर प्रायमर एका वेळी ओतू नका. आणि मूळ खोक्यातून काढून बरणीत साठवायचा विचारही करू नका. सुटे प्रायमर एकत्र असले की एक फुटला म्हणजे सगळे फुटतात.

पहिल्या तीन महिन्यांत दर वीस-पंचवीस ठोक्यांमागे एकदा प्रायमर अडकायचा. चिमट्याने काढायचा, पट्टी टिचकीने हलवायची, पुढे चालू. मी याला ‘स्वस्तातल्या मशीनचा स्वभाव’ म्हणत होतो. तिथेच माझी चूक झाली, पण ती पुढे सांगतो.

माझे बाबा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले. व्हिडिओ कॉलवर त्यांना मशीन चालवून दाखवलं. त्यांनी प्रायमरकडे बघितलंही नाही. म्हणाले, “अरे, टेबल हलतंय तुझं. पाया हलत असेल तर माप कसलं पाळणार ते मशीन?” मी वाकून बघितलं. साइझिंगच्या जोराला टेबलाची फळी पुढून वाकत होती, आणि हँडल वर जाताना झटक्याने परत येत होती. त्याच झटक्यात प्रायमर उडून आडवे होत होते. दोन इंची लाकूड आणि लोखंडी कोन लावून टेबल भिंतीला बोल्टने आवळलं. खर्च ३१ डॉलर. त्यानंतर अडकण्याचं प्रमाण साठात एकावर आलं. तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो की प्रेस उत्तम आहे, दोष माझ्या टेबलाचा होता. हेही अर्धवटच खरं निघालं.

पाचव्या महिन्यात शेलप्लेट फिरवणारा प्लास्टिकचा खटका मोडला. प्लेट पूर्ण फिरेना, पुंगळी डायच्या काठावर आपटून चेपायला लागली. कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाईंनी फार नम्रपणे सांगितलं की हा भाग झिजणारा आहे, वॉरंटीत येत नाही, आणि बहुधा मीच अर्ध्या ठोक्यात हँडल मागे घेत असणार. तो भाग मिळाला ४ डॉलरला आणि टपालखर्च ९ डॉलर. मी विचारलं, “तुमच्या पट्टीत प्रायमर अडकला तर अर्ध्या ठोक्यात थांबण्यावाचून माणूस दुसरं काय करणार?” त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मी तीन खटके एकदम मागवले, म्हणजे टपालखर्च एकदाच. तुम्हीही घेणार असाल तर प्रेसबरोबरच मागवा. मोडणार हे नक्की.

त्या फोनवर मी रागाने जे बोललो, तोच माझ्या मते या प्रेसचा खरा दोष आहे. प्रायमर अडकतो तेव्हा फक्त वेळ जात नाही, क्रम मोडतो. चारही स्टेशनांवर पुंगळ्या असतात. एकीत पावडर पडलेली, एकीत पडायची, एकीवर गोळी ठेवलेली. तुम्ही अर्ध्यावर थांबता, हँडल थोडं मागे घेता, एक पुंगळी काढून बघता, परत ठेवता, पुन्हा ठोका देता. त्या गडबडीत एखादी पुंगळी पावडरच्या स्टेशनखाली पूर्ण वर जातच नाही, आणि दुसरी एखादी दोनदा जाते. ९ मिलिमीटरच्या पुंगळीत जलद जळणारी पावडर दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही. गोळी वर बसली की काही कळायला मार्ग नाही.

त्या रविवारी घरी आलो तेव्हा त्याच बॅचची १८० काडतुसं शिल्लक होती. आधी वाटलं, एकेक तोलू. पण रेंजवरच्या पुंगळ्या नाना कंपन्यांच्या. त्यांच्या स्वतःच्या वजनातला फरकच पावडरच्या एका मापाइतका असू शकतो. म्हणजे तोलण्यात अर्थ नव्हता. हातोड्याने एकेक गोळी उपटायला बसलो. काडतूस आत अडकवायचं, काँक्रीटवर तीन-चार ठोके, गोळी निसटते, पावडर वाटीत येते, ती काट्यावर ओतायची. साडेतीन तास गेले. एकशे एकविसाव्या काडतुसातून पावडर आली ती वाटीत डोळ्यांनीच जास्त दिसली. काट्यावर बरोबर दुप्पट. ते काडतूस मी पुढच्या रविवारी उडवलं असतं. बायको गॅरेजच्या दारात उभी होती. मी तिला काट्यावरचा आकडा दाखवला. ती काहीच बोलली नाही, आत जाऊन चहा टाकला. त्या रात्री मी प्रेस विकायला काढायचं ठरवलं होतं.

विकला नाही, कारण रेंजवरचे एक वयस्क गृहस्थ. नौदलात मेकॅनिक होते, चाळीस वर्षं काडतुसं भरतायत. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: “जुना प्रायमर तू कुठे काढतोस?” मी म्हटलं, प्रेसवरच, पहिल्या स्टेशनला. ते म्हणाले, मग काजळी कुठे पडते ते बघ.

घरी येऊन पट्टी सोडवली आणि मोबाइलच्या टॉर्चखाली भिंगातून पाहिली. जिथे प्रायमर पट्टीतून कपात उतरतो तिथल्या खाचेत काळपट राखाडी भुकटी दाबून बसली होती, तिच्यात जळक्या पावडरचा एक दाणा, मोहरीच्या अर्ध्याएवढा. प्रत्येक जुना प्रायमर निघताना ही काजळी झडते आणि थेट नव्या प्रायमरच्या वाटेत येते. रचनाच तशी आहे. पट्टी स्वच्छ केली की शंभर-दीडशे ठोके बिनबोभाट जातात, मग पुन्हा तेच.

उपाय सरळ आहे. ३५ डॉलरचा एक साधा हातप्रेस घेतला. सगळ्या पुंगळ्यांचे जुने प्रायमर आधी त्यावर काढतो, टीव्हीसमोर बसून नव्हे, गॅरेजमध्येच, कारण त्या काजळीत शिसं असतं आणि घरात लहान मूल आहे. मग पुंगळ्या पाण्यात स्टीलच्या पिनांबरोबर फिरवून धुतो. पाण्यात धुतल्याने धूळ हवेत उडत नाही, हा मोठा फायदा. वाळल्यावर प्रेसवर. काम संपलं की हात आधी थंड पाण्याने आणि साबणाने धुवायचे, मगच दाराच्या कडीला लावायचे.

तेव्हापासून १४०० काडतुसं झाली. प्रायमर तीन वेळा अडकला. तिन्ही वेळा पट्टीत पंधराहून कमी प्रायमर उरले होते, म्हणजे तो दोष माझा. आता पंचवीस उरले की थांबून भरतो. इथल्या कोरड्या हवेत प्लास्टिकला स्थिर वीज धरते, त्यासाठी पावडरचा डबा आणि पट्टी कपड्यांच्या ड्रायरमधल्या कागदाने पुसतो. पट्टीला तेल अजिबात लावू नका, तेलाने प्रायमर निकामी होऊ शकतो. एका मित्राने लावलं होतं, त्याची पन्नास-साठ काडतुसं उडालीच नाहीत.

सैन्याच्या पुंगळ्यांत प्रायमरभोवतीचा काठ चेपून तो पक्का बसवलेला असतो, त्याही वेगळ्या काढाव्या लागतात. त्यांच्यात नवा प्रायमर अर्धाच जातो आणि हँडल मध्येच थांबतं. पूर्वी हेही मी पट्टीच्या नावावर घालत होतो. शिवाय .३८० या दुसऱ्या काडतुसाच्या आखूड पुंगळ्या ९ मिलिमीटरमध्ये मिसळून येतात. धुतल्यावर ताटात उभ्या करून बघितल्या की बुटक्या लगेच दिसतात.

आणि एक नियम, जो बाबांनी सांगितला आणि मी कागदावर लिहून प्रेसच्या मागे चिकटवलाय: काहीही अडकलं की चारही पुंगळ्या बाहेर. पावडर परत डब्यात, गोळ्या बाजूला, प्लेट रिकामी, मग पहिल्यापासून सुरुवात. दोन मिनिटं जातात. पावडरच्या स्टेशनशेजारी ९ डॉलरचा छोटा एलईडी दिवा लावलाय आणि गोळी ठेवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावतो, एकही न चुकता. पावडर पाहणाऱ्या डायसाठी पाचवं स्टेशन असतं तर बरं झालं असतं, ते या प्रेसला नाही.

वेग? तासाला दीडशेच्या आसपास, वेगळं प्रायमर काढणं आणि धुणं न धरता. ते धरलं तर निम्मा. ज्याला महिन्याला दोन हजार काडतुसं लागतात त्याने हा घेऊ नये. टेबल, हातप्रेस, दिवा आणि खटके मिळून माझे आणखी ९६ डॉलर गेलेत, म्हणजे वसुली अजून सोळाशे काडतुसं पुढे सरकली. पाचशे ते आठशे लागणाऱ्याने घ्यावा, पण पहिल्या दिवसापासून प्रायमर वेगळा काढून.

पुण्याहून एका मावसभावाने विचारलं की असा प्रेस भारतात नेता येईल का. परवान्याशिवाय नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. इथे अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं भरायला संघराज्याच्या कायद्याने परवाना लागत नाही, विकायला लागतो. आणि कुणी स्वप्नील कुसाळेचं पदक बघून विचारत असेल तर त्या ५० मीटर रायफलचं .२२ काडतूस रिमफायर असतं, स्फोटक कडेतच भरलेलं. त्याला प्रायमर वेगळा नसतो, तेव्हा हा सगळा खटाटोप तिथे लागूच नाही.

ते दुप्पट पावडरचं माप मी एका छोट्या बाटलीत भरून, त्यावर तारीख लिहून, प्रेसच्या वरच्या फळीवर ठेवलंय. हँडलला हात लावताना ते समोर दिसतं.