मंत्री, मेव्हणा आणि गायब फॉर्मा : सात महिन्यांनंतरचा अनुभव

मे महिन्यात घेतली होती ही कादंबरी. ४५० ची ३६० ला पडली, वर कुरिअरचे ५०, म्हणजे सवलत नेमकी कुणाला मिळाली ते देवच जाणे. नाव लिहीत नाही, वाचलेल्यांना मंत्री, मेव्हणा आणि सडा (आमच्याकडचं कातळाचं माळरान) एवढं पुरे.

पहिल्यांदा वाचली तेव्हा जाम आवडली होती, हे आधीच कबूल करतो. पण १९२ पानानंतर परत १७७ आलं. अख्खा फॉर्मा, म्हणजे एकत्र शिवलेली सोळा पानं, डबल लागलेला आणि १९३ ते २०८ गायब. आणि गायब तरी काय व्हावं? १९२ ला मेव्हणा रात्री रेस्ट हाउसवर उतरतो, २०९ ला २०० एकर सडा त्याच्या नावावर! मधलं सगळं मी डोक्यात रचलं. मी राजापूर तालुक्यातला, २०१७ पासून नाणारची रिफायनरी, २०१९ ला ती रद्द झाल्यावर पुढे बारसूची, इतकी वर्षं टपरीवर जमिनीशिवाय दुसरा विषय ऐकला नाही. त्यामुळे मी मेव्हण्याला आधी कुठूनतरी शेतकरी दाखला काढून दिला (कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही), मग मुंबईकर हिस्सेदारांची मुखत्यारपत्रं गोळा केली, एका म्हातारीला सही न करता अडून बसवली. मस्त जमलं होतं.

इकडे विक्रेत्याचं सुरू, "सर, रिटर्नची मुदत संपली." अहो, १९२ पानं वाचल्याशिवाय कळणार कसं? प्रकाशकाकडे फोन केले तर साहेब जेवायला गेलेत, साहेब प्रेसवर गेलेत. अकरा फोन झाले. शेवटी ऑगस्टमध्ये नवीन कॉपी आली, एक कोपरा भिजलेला, तोवर जुनीच्या कव्हरवर पांढरी बुरशी धरलेली. पडवीत उभ्या उभ्या ती सोळा पानं वाचली.

काय असावं त्यात? एक म्हातारा. एक अंगठा. सकाळी सातबारा मेव्हण्याच्या नावावर.

लेखकाने कोकणातला सातबारा कधी हातात धरलाय का? आमचं घरामागचं १४ गुंठे आहे, त्यावर ३१ नावं, त्यातली सहा माणसं वारलेली आणि वारसनोंद कुणाचीच नाही. २०० एकर म्हणजे ८००० गुंठे, आमच्या हिशेबाने सतरा हजारांच्या वर सह्या होतात, तो मेव्हणा म्हातारा होईल गोळा करता करता. आणि समजा खरेदीखत झालंच, तरी फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलायच्या नोंदीची, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करणार. एका रात्रीत काय, एका पावसाळ्यात झालं तरी नशीब समजायचं. वर तो पत्रकार हिरो सातबारा मिळवायला तलाठी ऑफिसचं कुलूप फोडतो. अरे बाबा, डिजिटल सहीचा सातबारा मोबाईलवर १५ रुपयांत मिळतो! खरी भानगड फेरफारात, वारसनोंदीत, जुन्या कुळाच्या नोंदीत असते, आणि तिथेच थ्रिल आहे, पण तेवढं बसून वाचणार कोण.

रागात एक स्टार देणार होतो. मग नोव्हेंबरात मुंबईला जाताना गाडीत दुसरं काही नव्हतं म्हणून ती बुरशीवाली जुनी कॉपीच परत काढली, आणि मंत्र्याचा पीए यावेळी नीट दिसला. तो भेटायला आलेल्यांच्या चिठ्ठ्या घेतो, ज्यांना आत सोडायचं त्यांची चिठ्ठी उभी दुमडतो, बाकीच्यांची आडवी, आणि बोलतो सगळ्यांशी सारखंच गोड, "बसा, चहा घ्या." आडव्या चिठ्ठीवाला चार चहा पिऊन संध्याकाळी घरी जातो. ही तीन पानं लिहिणाऱ्याने कुठल्यातरी बंगल्याबाहेर दिवस काढलेत, पैजेवर सांगतो. मग सातबाऱ्यालाच का कंटाळा केला? शेवटचा पाठलाग वगैरे ठीक, चाळला.

तर अडीच स्टार. दोन पीएचे, अर्धा प्रकाशकाने जुनी कॉपी परत मागितली नाही त्याचा. विकत घेऊ नका, लायब्ररीत मिळाली तर बघा. चांगली कॉपी माझ्याकडे आता नाही, बोरिवलीचा चुलतभाऊ गणपतीला आला होता तो घेऊन गेला. १४ गुंठ्याच्या कागदावर त्याचीही सही राहिलीय. म्हणाला, "दादा, वाचून झाली की बघतो."