घरच्या कामाला कोणतं लेथ: मायफर्ड की युनिमॅट?

१९४६ मध्ये इंग्लंडमधल्या बीस्टनच्या कारखान्यातून मायफर्ड एमएल ७ हे लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून हत्याराने कापायचं यंत्र) बाहेर पडलं. बिडाचा भक्कम बेड (यंत्राचा आडवा पाया), साडेतीन इंच सेंटर उंची (बेडपासून फिरत्या तुकड्याच्या मध्यापर्यंत), लीडस्क्रू (हत्यार ठरल्या वेगाने सरकवणारा लांब स्क्रू) आणि बदलायचे गिअर. म्हणजे आटे पाडायची सोय आलीच. हौशी लोकांनी वाफेची छोटी इंजिनं यावर घडवली. बॅक गिअर (वेग उतरवणारे जादा गिअर) लावला की चक (तुकडा धरून फिरणारी पकड) इतका सावकाश फिरतो की बिडाचं चाकही निवांत कापता येतं. मला हीच त्याची खरी श्रीमंती वाटते.

ऑस्ट्रियातल्या एम्कोचं युनिमॅट १९५० च्या दशकातलं. बेडऐवजी दोन पोलादी दांडे. हेडस्टॉक (चक फिरवणारा भाग) उभ्या खांबावर चढवला की तेच ड्रिल, तेच मिलिंग (फिरत्या कटरने कापणारं) यंत्र. टेबलावर मावतं, पण पोलादावर जाड काप घेतला की थरथरतं. बारीक कामाला पुरेसं. इंजिन बांधायचं तर मी जागा करून मायफर्डच घेईन.