पाईप की सिगार? गोव्यात राहून, कायदा नि कर बघून ठरवायचं असेल तर

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी म्हापशाला मावसभावाकडे बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या व्हरांड्यात, बसलो होतो. आत फळापानांच्या माटोळीखाली गणपती, त्यामुळे दोघांचेही हात रिकामेच. तेव्हा त्याने विचारलं, लग्नाबिग्नात एखादा सिगार ओढतो मी, आता तेच जरा नीट करू की सरळ पाईप घेऊ? यूट्यूबवर कुठल्यातरी अमेरिकन माणसाचे व्हिडिओ बघून आला होता, चामड्याची खुर्ची, बाजूला व्हिस्की, मागे शंभर डबे वगैरे. त्याला वाटलं मी चवीबद्दल बोलेन. मी म्हटलं चवीचं तुझं तू बघ, दोन्ही एकेकदा ओढलं की कळतं, पण गोव्यात राहून यातलं कुठलं पुढची दहा वर्षं परवडेल नि मिळत राहील हे जीभ ठरवत नाही, सरकार ठरवतं. आणि सरकारच्या हिशोबात शौकीन म्हणून कोणी नसतोच. तिथे फक्त सिगरेटवाला आणि गुटखावाला, आपण दोघांच्या मधे चेंगरलेले.

एक आधीच सांगतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. यातलं काहीच ओढत नसलात तर ठरवायचं काही नाहीच, इथेच थांबा. धूर आत घेत नाही म्हणून सेफ हे खरं नाही, तोंडाचा नि घशाचा कॅन्सर पाईपनेही होतो, सिगारनेही होतो, आणि मोठ्या एका सिगारमधे जवळपास सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. सुटायचं असेल तर पाकिटावर 1800-11-2356 हा फुकट हेल्पलाईनचा नंबर छापलेला असतो. खालचं सगळं जे तरीही ओढणार आहेत त्यांच्यासाठी.

आता पैशाचं. लोक म्हणतात पाईप स्वस्त, सिगार महाग. अमेरिकेत असेल. आपल्याकडे 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा दोघांवर 28 टक्के लागला, पण त्याच्यावर जो सेस, म्हणजे वरचा जादा कर, लावला तिथे खरी गंमत. सिगारला 21 टक्के किंवा हजार नगांना 4170 रुपये, यातलं जे जास्त ते. पाईपच्या तंबाखूला 290 टक्के. छपाईची चूक नाही, दोनशे नव्वदच. म्हणजे 100 रुपयांचा पाईपचा तंबाखू कर धरून 418 चा झाला आणि 100 रुपयांचा सिगार 149 चा, दुकानदाराचा नफा नि बाहेरून आलेल्या मालाची कस्टम ड्युटी वेगळीच. असं का, तर कराच्या तक्त्यात ‘पाईप आणि सिगरेटसाठीचं मिक्श्चर’ अशी एकच ओळ आहे, हाताने वळून सिगरेट ओढणारे आणि आपण पाईपवाले एकाच टोपलीत. सिगरेटला चोरवाट राहू नये म्हणून जो दर ठेवायचा तो आपल्या डोक्यावर फुकटचा बसला.

सिगारची ती हजाराला 4170 वाली अट पण बघण्यासारखी होती. म्हणजे नगाला जेमतेम सव्वाचार रुपये. हजार रुपयांच्या क्यूबन सिगारला त्याने काय फरक पडायचा, काहीच नाही, तिथे 21 टक्केच मोठे. पण वीस रुपयांच्या खालचा त्रिचीच्या बाजूचा साधा चिरूट असेल तर त्याला टक्क्यापेक्षा हीच अट जास्त लागायची. श्रीमंताच्या शौकाला कमी दर आणि गरिबाच्या चिरुटाला जास्त, असं कोणी मुद्दाम केलं नसेल पण झालंय खरं.

डिसेंबर 2025 मधे सेंट्रल एक्साइजचा कायदा बदलला, 1 फेब्रुवारी 2026 पासून सेस गेला आणि 40 टक्के जीएसटी अधिक एक्साइज अशी नवी मांडणी आली. मला वाटलं चला आता तरी पाईपवाल्याकडे बघतील. कायद्याच्या तक्त्यात पाईप मिक्श्चर 60 वरून 325 टक्क्यांवर नेलंय आणि सिगार 25 टक्के किंवा हजाराला 5000. म्हणजे चित्र तेच, फक्त फ्रेम बदलली. वर नुसत्या पाईपवर, म्हणजे ब्रायरच्या लाकडाच्या वस्तूवर, जिच्यात तंबाखूचा कणही नाही, तिच्यावरही 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. पाईप एकदाच घ्यायचा असतो म्हणून ते चालून जातं, मक्याच्या कणसाचा घेतलास तर आणखीच स्वस्तात पडेल आणि शिकायला तोच बरा.

(गोंयकाराने करावर तक्रार करू नये म्हणा. पोर्तुगीज काळात ब्राझीलच्या बाहियातून इथे तंबाखू यायचा, विक्रीचा मक्ता सरकार बोली लावून द्यायचं, आणि बोली लावणारे कोण तर बरेचदा आपलेच सारस्वत व्यापारी. तिजोरीला तंबाखूची सवय इथे साडेतीनशे वर्षं तरी जुनी आहे.)

तर दुकानातून विकत घेणार असशील तर हिशोब सिगारच्या बाजूने, यात वाद नाही. पण गोव्यात किती लोक दुकानातून घेतात? ज्या घरात तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, आहे किंवा कोणी गल्फमधे आहे तिथे सगळा माल दाबोळी नाहीतर मोपाच्या विमानतळावरून येतो, आणि तिथे पारडं उलटं फिरतं. बॅगेजच्या नियमात माणशी 100 सिगरेट किंवा 25 सिगार किंवा 125 ग्रॅम तंबाखू एवढंच ड्युटी न भरता चालतं. ‘किंवा’ शब्द नीट वाचायचा, तिन्ही एकत्र नाही. वजनाने बघितलं तर सिगारवाल्याची चंगळ, कारण 25 चांगल्या जाड सिगारचा तंबाखू 125 ग्रॅमच्या कितीतरी वर जातो. पण बैठकीने मोज. पाईपच्या एका भरण्याला अडीच ते तीन ग्रॅम लागतात, म्हणजे 125 ग्रॅममधे चाळीस ते पन्नास वेळा पाऊण पाऊण तास. सिगारवाल्याला पंचवीसच वेळा. रविवारी एकदा ओढणाऱ्या माणसाला एका खेपेत पाईपवर जवळपास वर्ष निघतं, सिगारवर सहा महिने. आणि ते 290 की 325 हे त्याला बघायलाच लागत नाही.

आता ओढायचं कुठे. हे लोक शेवटी विचारतात, खरं आधी विचारायला पाहिजे. गोव्याने तर केंद्राच्याही आधी, 1997 मधेच, धूम्रपान नि थुंकण्यावर स्वतःचा कायदा केला होता. मग 2003 चा केंद्राचा कोटपा, म्हणजे तंबाखूवरचा कायदा, आला, आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागी बंदीचे नियम कडक झाले, दंड 200 रुपयांपर्यंत. 200 ऐकून लोक हसतात, पण प्रश्न दंडाचा नाहीये, जागेचा आहे. स्मोकिंग रूम ठेवायची मुभा 30 किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलला, 30 किंवा जास्त खुर्च्यांच्या रेस्टॉरंटला, आणि विमानतळाला. ती खोली पण चारी बाजूंनी छतापर्यंत भिंत, आपोआप बंद होणारं दार, धूर थेट बाहेर फेकायची सोय अशी पाहिजे. कांदोळी-कळंगुटकडची निम्मी गेस्ट हाउसं 30 खोल्यांची नसतातच. आणि 2017 मधे आणखी एक ओळ घातली की स्मोकिंगच्या जागेत कुठलीही सर्व्हिस द्यायची नाही. ही हुक्का पार्लरसाठी होती हे उघड आहे, पण मेली ती सिगारची व्हिडिओतली खुर्ची. कायद्याने बघितलं तर त्या खोलीत वेटर तुला पाणीसुद्धा आणून देऊ शकत नाही, कॉन्याक लांबच.

आता यात सिगार नि पाईप सारखेच का? अजिबात नाही. सिगार पेटवला की तासभर बसावंच लागतं, मधेच विझवून दोन तासांनी परत पेटवला तर जळकट लागतो, पैसे पाण्यात. विमानतळावरच्या काचेच्या उभ्या खोलीत तासभर कोण बसणार, विमान चुकेल. पाईप दहा मिनिटं ओढला, राख दाबली, खिशात टाकला, घरी येऊन परत पेटवला, काही बिघडत नाही. म्हणून ज्याला स्वतःचं अंगण किंवा बाल्कांव आहे त्याला दोन्ही सारखं, पण पर्वरीच्या फ्लॅटमधे राहणारा, घरात लहान मूल, खालच्या मजल्यावरून कटकट, त्याला पाईपच जमेल. तेही गच्चीवर.

विकत घेताना एक बघायचं, हे मुख्यतः सिगारसाठी. 1 एप्रिल 2016 पासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंना 85 टक्के जागेत चित्रासकट इशारा लागतो, परदेशी मालालाही. डबा सुंदर दिसत नाही म्हणून शौकीन लोक कुरकुरतात, मीही करायचो, पण आता मला तो इशारा बघून बरं वाटतं, कारण इशारा नसलेला ‘क्यूबन’ डबा इथल्या दुकानात दिसला तर तो कस्टम चुकवून आलाय नाहीतर सरळ खोटा आहे. किनाऱ्यावर टॉवेलाखालून काढून दाखवणाऱ्याकडून तर घ्यायचाच नाही. खऱ्या क्यूबन डब्यावर हिरवा-पांढरा वॉरंटीचा पट्टा असतो, पण पट्टेही छापतात लोक. पाईपच्या तंबाखूची नक्कल करायला कोणाला वेळ नाही, एवढा खपच नाही ना त्याचा. खप नाही म्हणून दुकानदार पाच-सहा जातीच ठेवतो, आणि जाहिरातीवर बंदी असल्यामुळे नवीन काय आलं हे कोणी सांगतही नाही, कंपनीला साधी चवीची संध्याकाळ स्पॉन्सर करता येत नाही. ऐकून ऐकून कळतं. सिगारवाल्यांना निदान ड्युटी फ्रीचं काचेचं कपाट तरी आहे बघायला.

अमेरिकेतलं उदाहरण म्हणून सांगतो, तिथेही सरकारने दोघांना वेगळं वागवलं. 2016 च्या ऑगस्टमधे तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध खात्याने, सिगार नि पाईपचा तंबाखू दोन्ही सिगरेटसारखे आपल्या नियमाखाली घेतले, सिगारवाले कोर्टात गेले आणि 2023 मधे उंची सिगार सुटले. पाईपवाले अजून आतच. पैसा नि वकील कोणाकडे हे यावरून कळतं. त्यामुळे त्या व्हिडिओतल्या माणसाच्या मागे शंभर डबे का आहेत ते समजून घे. नुसती हौस नाही ती, उद्या मिळेल की नाही ही धास्तीपण आहे.

आपल्याकडे पुढे काय होईल यात मात्र मला सिगारची बाजू कच्ची वाटते. 2021 च्या सुरुवातीला कोटपाच्या दुरुस्तीचा एक मसुदा लोकांसमोर ठेवला होता, त्यात वयाची अट 18 वरून 21, सुटी विक्री बंद, आणि हॉटेल-विमानतळावरच्या स्मोकिंग रूमही बंद असं होतं. तो कायदा झाला नाही. पण पत्रादेवी ओलांडून बांद्याला गेलास की महाराष्ट्र, तिथे सप्टेंबर 2020 मधेच सुट्या सिगरेट-विडीला बंदी घातली. सुट्याची ही बंदी उद्या सिगारवर आली तर एकेक नग घेऊन चव शिकणारा माणूस संपला, अख्खा डबा घ्यायचा तर पंचवीस-तीस हजार बाहेर काढायचे. पाईपवाल्याला सुटं काही मिळतच नव्हतं, त्यामुळे जायचं काही नाही. व्हेपचं, म्हणजे ई-सिगरेटचं, विचारू नको, 2019 पासून पूर्ण बंद आहे, विषय संपला.

हवेचं एक राहिलं. कायद्याचं नाही पण संबंध आहे, कारण माल एवढा महाग नि मोजका झाला की तो खराब होणं परवडत नाही. सिगारला 65 ते 70 टक्के दमटपणा लागतो, आपल्याकडे जुलैत बाहेर 90. मी पहिल्या वर्षी शहाणपणा करून लाकडी डब्यात अकरा सिगार ठेवले, श्रावण यायच्या आत सगळ्यांना पांढरी बुरशी, त्यातल्या दोघांत किडा. तेव्हापासून आधी तीन दिवस फ्रीझर आणि मग हवाबंद डबा, आत दमटपणा सांभाळणारी पुडी, बायकोच्या कोकम-सोलांच्या शेजारी. पाईपचा तंबाखू लोणच्याच्या काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवला की वर्षानुवर्षं टिकतो, उलट मुरतो. फक्त पावसात ओढायच्या आधी तासभर पंख्याखाली पसरायचा.

मावसभावाला मी म्हटलं, महिन्याला एक, तेही चार मित्र जमले तर, असं असेल तर सिगार, दुकानातूनच सुटा घे, कर कमी आहे तोवर मजा कर. दर रविवारी एकट्याने बसायचं असेल तर पाईप, पण मग तंबाखू इथे विकत घ्यायचा नाही. त्याचा मेहुणा बोटीवर आहे, नोव्हेंबरात साइन ऑफ करून येतो. लगेच फोन काढून त्याला मेसेज टाकला, एक डबा सिगार आणि पाव किलो तंबाखू. मी म्हटलं अरे ‘किंवा’ म्हटलं ना मी मघाशी, आणि तेही 125. त्याने डोकं खाजवलं, आतून वहिनी नेवऱ्या घेऊन आली, मग त्याने सिगार खोडले.