पहिला बेस फझ: घरात राजा, बँडमध्ये गायब (आठ महिने वापरल्यानंतर)

आठ महिने झाले म्हणून आता लिहितोय. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर "भारी आहे, डोळे झाकून घ्या" एवढंच लिहून मोकळा झालो असतो आणि नंतर तोंड लपवायची वेळ आली असती. फझ (म्हणजे बेस गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं, पायाने चालू-बंद करायचं पेडल) घरी एकट्याने वाजवताना जसा वाटतो तसा तो ड्रम आणि गिटारसोबत अजिबात वाटत नाही, आणि हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं (सांगितलं असेलही, मी ऐकलं नसेल).

पेडल आहे इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं बेस बिग मफ पाय. व्हॉल्यूम, टोन, सस्टेन (म्हणजे फझ किती) असे तीन नॉब आणि एक तीन पोझिशनचा छोटा स्विच, बेस बूस्ट, नॉर्मल आणि ड्राय. बस. पण हे माझं पहिलं फझ नाही, पहिलं म्हणजे एक सेकंडहँड घेतलेलं जर्मेनियम ट्रान्झिस्टरवालं गिटार फझ होतं, नाव घेत नाही कारण त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती, चूक माझी होती. ते सर्किट पॉझिटिव्ह ग्राउंडचं. मी ते सरळ बाकीच्या पेडलच्या एकाच अडॅप्टरवर, त्या साखळीवाल्या केबलला जोडलं आणि अख्खा पेडलबोर्ड मेला. ट्यूनरसुद्धा बंद. अर्धा तास केबल बदलत बसलो. जुन्या पद्धतीच्या पीएनपी ट्रान्झिस्टरवाल्या फझमध्ये बऱ्याचदा प्लस-मायनस उलटे असतात, त्यामुळे बाकीच्यांसोबत एकाच लाईनवर लावलं की शॉर्ट होतं, त्याला वेगळा आयसोलेटेड सप्लाय द्या नाहीतर सरळ बॅटरी लावा. वर जर्मेनियम गरम झालं की त्याचा स्वभाव बदलतो, म्हणजे संध्याकाळी थंड खोलीत लावलेलं सेटिंग दुसऱ्या दिवशी तापलेल्या स्टेजवर वेगळंच काहीतरी बोलतं. पहिलंच पेडल घेणाऱ्याने या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, सिलिकॉनवालं घ्या.

तरी त्या फझचा खरा प्रॉब्लेम हा नव्हताच. प्रॉब्लेम होता की ते सुरू केलं की माझा बेस बारीक व्हायचा. आवाज मोठा, चिडलेला, पण खाली पोटच नाही. बेसची जाड ई तार 41 हर्ट्झच्या आसपास बोलते आणि पाच तारांचा बेस असेल तर बी जवळपास 31 वर. गिटारसाठी बनवलेल्या बऱ्याच सर्किटमध्ये कपॅसिटर असे निवडलेले असतात की एवढं खालचं पुढे जातच नाही, गिटारला ते लागतही नाही. त्यात फझ म्हणजे काय तर वेव्हची डोकी कापून तिला जवळजवळ चौकोनी करायची, त्यातून वरचे हार्मोनिक्स भराभरा तयार होतात, 41 च्या नोटवर 123, 206 असे, आणि कानाला ते वरचंच जास्त ऐकू येतं. याचा एक फायदाही आहे बरं का, मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर साधा बेस ऐकूच येत नाही पण फझ लावलेला येतो, कारण तो स्पीकर 41 वाजवूच शकत नाही, वरचे हार्मोनिक्स मात्र वाजवतो आणि खालची नोट मेंदू स्वतः भरून घेतो. रेकॉर्डिंग मित्रांना पाठवायचं असेल तर हे लक्षात ठेवा.

तर मग बेससाठी बनवलेलं घ्यायचं ठरवलं आणि हे मफ आणलं. घरी पहिल्या दिवशी सस्टेन पूर्ण, बेस बूस्टवर, आणि यार काय आवाज! भिंत. खिडकीची काच थरथरत होती आणि मी येड्यासारखा एकच रिफ तासभर वाजवत होतो. पुढच्या प्रॅक्टिसला त्याच सेटिंगवर गेलो, कोरस आला, पाय ठेवला, आणि गिटारवाल्याने मागे वळून बघितलं. गाणं संपल्यावर म्हणतो, "अरे तुझी केबल निघाली होती का मधेच?" मला वाटलं चेष्टा करतोय. मग फोनवर रेकॉर्ड केलेलं ऐकलं तर खरंच, कोरसमध्ये बेस नाही, नुसती मागे कुठेतरी मिक्सर चालू असल्यासारखी घरघर.

कारण नंतर कळलं. मफचा टोन नॉब मधोमध असला की 1000 हर्ट्झच्या आसपास एक मोठा खड्डा पडतो, त्या सर्किटची ओळखच ती आहे, 1969 पासून. एकट्याने ऐकताना तो खड्डा गोड लागतो, मोठा आणि गुळगुळीत वाटतो. पण बँडमध्ये नोटचा आकार, बोट लागल्याचा टक, हे सगळं त्याच पट्ट्यात असतं आणि तिथे गिटार आणि गाणारा आधीच बसलेले आहेत. म्हणजे मीच माझी जागा रिकामी केली आणि ती लगेच भरली गेली. वर सस्टेन पूर्ण म्हणजे सगळं एवढं कॉम्प्रेस झालेलं की जोरात मारा नाहीतर हळू, सगळं एकसारखं. ड्रमरच्या किकसोबत (पायाने वाजणारा मोठा ड्रम) जो धक्का बसायला हवा तो येतच नव्हता.

उपाय त्या छोट्या स्विचमध्येच होता. ड्रायवर टाकला की तुमचा मूळ स्वच्छ आवाज फझसोबत मिसळून बाहेर येतो. आता माझं सेटिंग, घड्याळाच्या हिशोबात सस्टेन नऊ ते दहा, टोन मधल्यापेक्षा थोडा पुढे एकच्या जवळ, ड्राय चालू. घरी हे ऐकलं तर तुम्ही म्हणाल हे काय, दोन वेगळे लोक वाजवतायत, एक साधा आणि एक चिडका. मलाही पहिले दोन आठवडे तसंच वाटायचं. पण बँडमध्ये ते दोघं एक होतात, खाली पोट राहतं आणि वरून दात येतात. तेव्हापासून मी घरी फझ सेट करणंच सोडून दिलंय, ड्रमसोबत उभं राहून करतो, किंवा ते जमत नसेल तर एखादं गाणं मोठ्याने लावून त्याच्यासोबत. व्हॉल्यूमचंही तसंच आहे, एकट्याने ऐकताना फझ जरा जास्तच मोठा वाटायला हवा तेव्हा कुठे तो सगळ्यांसोबत बरोबरीला येतो.

एक कमतरता आहे, स्वच्छ आवाज किती मिसळायचा याला वेगळा नॉब नाही. याच घराण्यातलं डिलक्स बेस बिग मफ आहे त्यात ब्लेंडचा, म्हणजे स्वच्छ आवाज मिसळायचा नॉब आहे, गेट (वाजवत नसताना गोंगाट बंद करणारं) आहे, क्रॉसओव्हर (खालचा-वरचा आवाज वेगळा करणारं) आहे, डीआय आउट (थेट मिक्सरला जोडायचं) आहे. मी तेव्हा म्हटलं एवढे नॉब कोण फिरवणार. आज परत घ्यायचं झालं तर तेच घेईन कदाचित. डार्कग्लासचं ड्युअॅलिटी पण एका मित्राकडे दोन-तीनदा वाजवलं, त्यात दोन वेगवेगळे फझ आहेत आणि त्यांच्यात सरकता येतं, वर ब्लेंड आहेच, ते जास्त आधुनिक आणि धारदार वाटलं, माझ्या हाताला मफचा मऊपणा जास्त आवडतो पण ही चवीची गोष्ट. आणि झेड व्हेक्सच्या वूली मॅमथ जातीचे जे फझ आहेत, नोट संपताना तुटक कापणारे, जवळजवळ सिंथ, ते ऐकायला वेड लावतात पण पहिलं पेडल म्हणून नको, प्रत्येक गाण्यात चालणारा आवाज नाही तो.

गंमत म्हणजे फझचा जन्मच बेसवर झालाय, निदान सहा तारांच्या बेसवर. 1961 मध्ये अमेरिकन कंट्री गायक मार्टी रॉबिन्सचं एक गाणं आलं, त्यात ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होता आणि स्टुडिओतल्या कन्सोलचा एक चॅनल बिघडलेला होता, तो फाटलेला आवाज तसाच ठेवला. ग्लेन स्नॉडी नावाच्या इंजिनिअरने मग तोच आवाज मुद्दाम काढणारं सर्किट बनवलं आणि 1962 मध्ये ते मॅएस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आलं. त्यामुळे कोणी गिटारवाला म्हणाला ना की बेसवर फझ कशाला, त्याला हे सांगा. आणि मफ बेसवाल्यांच्या पायाखाली का दिसतं त्याला मोठं कारण नव्वदच्या दशकातले रशियात बनलेले हिरवे सोव्हटेक मफ, त्यांच्यात खालचा आवाज जास्त टिकायचा म्हणून बेसवाल्यांनी ते उचलले.

आता वाजवण्याबद्दल, कारण खरा खर्च तिथेच आहे. फझने माझी सगळी पापं बाहेर काढली. साध्या आवाजात जी रिकामी तार हळूच गुणगुणत असते आणि कोणाला कळत नाही, ती फझमध्ये सरळ ओरडते, आणि दोन नोट एकत्र झाल्या की चिखल होतो. पहिल्या महिन्यात मला वाटत होतं पेडल खराब आहे, तर नाही, ए तार वाजवताना माझी ई तार मोकळी सुटत होती. अंगठा खाली-वर सरकवत वरच्या जाड तारांवर टेकवून ठेवायची सवय मला याच पेडलने लावली, कुठल्या शिक्षकाचं मी एवढं ऐकलं नव्हतं. दोन नोटा हव्याच असतील तर वरच्या फ्रेटवर पाचवा सूर धरा, तो चालतो, खाली तिसरा वगैरे धरायच्या फंदात पडू नका.

बेसचा स्वतःचा टोन नॉबही विसरू नका. नवीन राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत) तारा आणि टोन पूर्ण उघडा असेल तर वरून फर्रर्र असा चुरचुरीत कचरा येतो, मी आता गाण्यात फझ लावायच्या आधी बेसवर टोन अर्ध्याच्या खाली आणतो आणि नेक पिकअप जास्त ठेवतो, आवाज लगेच गोल होतो. पेडलवर जे करायला मी महिनाभर झगडत होतो ते बेसवर दोन सेकंदात झालं, म्हणजे बघा.

आवाजाचा गोंगाट, हिस आणि हम, तो आहेच. एवढा गेन आहे म्हटल्यावर सिंगल कॉइल पिकअपचा हम पण तेवढाच मोठा होणार. माझा अर्धा हम तर स्वस्तातल्या अडॅप्टरमुळे होता, तो बदलल्यावर फरक पडला, उरलेल्यासाठी दोन गाण्यांच्या मधे पेडल बंद करायचं लक्षात ठेवलं की झालं.

बोर्डवर कुठे ठेवायचं यावर फार डोकं फोडू नका, मफ फारसं नखरेल नाही, आधी ट्यूनर असला तरी चालतं. फझ फेस जातीचे मात्र आधी बफर (सिग्नल मजबूत करून पुढे देणारं सर्किट) आला की रुसतात, त्यांना थेट बेसच्या पिकअपला जोडलेलं आवडतं, ते घेणार असाल तर सगळ्यात आधी, बेसच्या लगेच नंतर ठेवा आणि अॅक्टिव्ह बेस (आत बॅटरीवरचं प्रीअँप असलेला) असेल तर आधी वाजवून बघा. ऑक्टेव्ह (नोट एक सप्तक खाली-वर करणारं पेडल) असेल तर तो फझच्या आधी, कारण त्याला स्वच्छ नोट ओळखता येते, फझनंतर ठेवला तर तो गोंधळतो आणि भलतंच काहीतरी गातो (कधीकधी तेच हवं असतं, तो भाग वेगळा).

आठ महिन्यांत रोज नाही पण आठवड्यातून तीनदा तरी पाय पडलाय याच्यावर, स्विच ठणठणीत आहे, नॉब अजून घट्ट आहेत. सेटिंग हलू नये म्हणून मी सस्टेनच्या नॉबशेजारी पांढऱ्या पेनाने एक रेघ मारून ठेवलीये कारण अंधारात तो पायाने फिरतो. आणि बॅटरीवर चालवणार असाल तर वाजवून झालं की इनपुटची केबल काढा, नुसतं पेडल बंद केलं म्हणजे बॅटरी वाचत नाही, केबल लागलेली असेल तर ती रात्रभर संपत राहते. मी दोनदा विसरलो, दुसऱ्यांदा तर कार्यक्रमाच्या आदल्या रात्री.